साइट माणसांच्या सवयी धरून चालवा: मुकादम, सण, खर्ची आणि स्लॅब, टप्प्याटप्प्याने

पाच ते बारा मजली इमारतींच्या साइट चालवणारे इंजिनिअर, प्रोजेक्ट मॅनेजर आणि सगळं स्वतःच बघणारे छोटे बिल्डर यांच्यासाठी हा लेख आहे. अडचण नेहमीचीच. बार चार्ट नीट असतो, ड्रॉइंग वेळेत येतात, माल येतो, तरी तिसऱ्या-चौथ्या स्लॅबपासून काम घसरायला लागतं. मग सोमवारच्या बैठकीत ‘लेबर शॉर्टेज’ असं कारण लिहिलं जातं, ठेकेदाराला झापलं जातं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

थोडं खोदलं की कळतं, अडचण साइटवरच्या कुणाला तरी आठ दिवस आधीच ठाऊक होती. ती सांगण्यात त्याचा तोटा होता, म्हणून तो गप्प बसला. साइटचं वातावरण म्हणतात ते एवढंच. ते गेटवरच्या फलकाने बदलत नाही. पैसे कशाचे मिळतात, काम कोण थांबवू शकतं आणि वाईट बातमी आणणाऱ्याचं काय होतं, हे बदललं तर बदलतं.

खालचे टप्पे क्रमानेच करायचे. पहिले तीन वर्क ऑर्डरवर सही व्हायच्या आधीचे आहेत. बहुतेक साइट थेट चौथ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## टप्पा 1: साइटवर खरंच कुणाचं चालतं, ते शोधा

वर्क ऑर्डरवर नाव लेबर काँट्रॅक्टरचं असतं. त्याच्या खाली पेटी ठेकेदार (पोटठेकेदार), त्याच्या खाली मुकादम आणि मुकादमाच्या हाताखाली एकाच गावची किंवा नात्यातली टोळी, अशी उतरंड असते. सेंट्रिंगवाले (काँक्रीटचा साचा आणि टेकू लावणारे) पूर्व उत्तर प्रदेशातले, फिटर (सळई बांधणारे) मालदा-मुर्शिदाबादचे, बिगारी विजयपूर-कलबुर्गीकडचे किंवा नांदेड-लातूरचे, हे पुण्यातल्या साइटवर सहज दिसणारं चित्र. टिकायचं की सोडून जायचं, हे टोळी मुकादमाच्या तोंडाकडे बघून ठरवते. वर्क ऑर्डर तिने कधी पाहिलेलीही नसते.

दराची बोलणी चालू असतानाच मुकादमाला बोलवून घ्या आणि हे विचारा:

1. टोळीत किती माणसं, कुठली, आणि त्यातली आत्ता दुसऱ्या साइटवर किती?
2. आठवड्याची खर्ची (खर्चासाठी हातात दिलेले पैसे) प्रत्यक्ष कोण वाटतं?
3. माणसं आणताना गावाकडे उचल दिली आहे का, आणि कुणी?
4. मुकादम नसेल त्या दिवशी टोळी कुणाचं ऐकते?
5. ड्रॉइंग कोण वाचतं?

पाचवा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. वीस जणांच्या फिटर टोळीत ड्रॉइंग वाचणारे एक-दोघंच असतात. ते गावी गेले की बाकीचे खालच्या मजल्यावर बांधलं तसंच वर बांधत जातात. एखाद्या मजल्यावर बीमची वरची सळई बदललेली असली, तर ती चूक पकडायला तुमच्याशिवाय कुणी उरत नाही.

आपल्या बाजूचीही अशीच यादी करा. मालकाला ‘आज भरता येणार नाही’ असं तोंडावर कोण सांगू शकतं? नाव सुचत नसेल तर पाचव्या टप्प्यावर जास्त वेळ घालवावा लागेल.

तपासा: मुकादमाचं नाव, त्याच्या जागी कुणाचं ऐकायचं त्याचं नाव आणि ड्रॉइंग वाचणाऱ्याचं नाव, ही तीन नावं प्रत्येक टोळीसमोर लिहिलेली आहेत का?

## टप्पा 2: वेळापत्रकाच्या आधी माणसांचं कॅलेंडर

सॉफ्टवेअरमध्ये रविवार आणि 15 ऑगस्ट सुट्टी टाकली की कॅलेंडर झालं, असं समजू नका. खरं कॅलेंडर टोळीगणिक वेगळं असतं.

बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशची टोळी असेल तर दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते आणि त्यासाठी माणसं दिवाळीच्या आधीच निघतात. होळीला तोच प्रकार. बंगालच्या टोळीत हिंदू मिस्त्री दुर्गापूजेला जातात, मुसलमान मिस्त्री ईदला. 17 सप्टेंबरच्या आसपास विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी अनेक टोळ्या हत्यार आणि मशीन चालवत नाहीत. आपल्याकडे खंडेनवमीला तेच. अमावस्येला बऱ्याच मराठी आणि कानडी टोळ्या सुट्टी घेतात, आणि ती वर्षातून बारा वेळा येते हे नियोजन करणाऱ्याच्या लक्षात नसतं. पहिला पाऊस पडला की मराठवाड्याकडचे बिगारी पेरणीला जातात. त्यांच्या राज्यात निवडणूक असेल तर मतदानाला जाणारेही असतात.

माणसं साइटवर असली तरी गाड्या येतीलच असं नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा आणि गणेश विसर्जनाच्या दिवशी अवजड वाहनांना रस्ते बंद होतात. ट्रान्झिट मिक्सर अडकला तर स्लॅब अर्ध्यावर राहतो.

हे सगळं करारातल्या दंडाने थांबेल असं वाटत असेल तर तसं होत नाही. छठला गेलेला माणूस दंडाच्या भीतीने परत येत नाही, तो दुसऱ्या साइटवर जातो. करायचं ते हे:

1. प्रत्येक टोळीकडून वर्षभराच्या जाण्याच्या तारखा मुकादमाच्या तोंडून लिहून घ्या. ‘अंदाजे’ चालेल.
2. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं. सणाच्या दोन महिने आधी मुकादमाला विचारा, ‘तिकिटं निघाली का? किती जणांची?’ सणाच्या तोंडावर विचारलेल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा या उत्तरावर जास्त विसंबता येतं.
3. सगळे एकदम जाणार असतील तर दोन तुकड्या करायला सांगा. त्यासाठी थोडा जास्त खर्च आला तर तो मान्य करा.
4. सणाच्या आधीच्या आठवड्यात मोठा स्लॅब ठेवू नका. माणसांचं चित्त घराकडे असतं, सामान बांधून झालेलं असतं आणि बांधणीत घाई होते.
5. मुकादम सांगेल त्या परतीच्या तारखेवर आठवडाभर वाढवूनच पुढचं काम लावा.
6. त्या काळात थोड्या माणसांत होणारी कामं राखून ठेवा: वीटकाम, फाइलिंग, जुन्या प्लेटांची दुरुस्ती, स्टोअरचा हिशोब.

मालकाच्या कॅलेंडरचं काय? पितृपक्षात नवं काम नको, भूमिपूजनाला मुहूर्त हवा, स्लॅबला अमुक वार नको. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण मुहूर्त सकाळी सहाचा आणि सळईची तपासणी दहाला, असं जुळलं की मालकासमोर सगळे गप्प बसतात आणि न तपासलेल्या सळईवर काँक्रीट पडतं. नियम आधीच मान्य करून घ्या: मुहूर्ताला पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, काँक्रीट तपासणीची सही झाल्यावरच. पहिल्या बैठकीत सांगितलं तर कुणी हरकत घेत नाही. त्या सकाळी सांगितलं तर अपशकुन ठरतो.

## टप्पा 3: दर लावताना वागणूक ठरते

माणूस कसं वागेल ते त्याला पैसे कशाचे मिळतात यावरून आधीच सांगता येतं. वर्क ऑर्डरचं प्रत्येक कलम वाचताना स्वतःला विचारा, या दराने मुकादमाला काय करावंसं वाटेल आणि काय टाळावंसं?

सळईकाम टनावर. सगळ्या व्यासांना एकच दर असला की जाड सळया पटापट बांधल्या जातात आणि 8 मिलिमीटरच्या रिंगा, हूक, चेअर (वरची सळई उचलून धरणारे आधार) मागे पडतात. एक टन बारीक सळईला हात कितीतरी जास्त लागतात, वजन तेवढंच भरतं. रिंगांचं अंतर वाढलेलं दिसतं त्याचं मूळ इथे आहे. बारीक सळईला वेगळा दर द्या, आणि कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर धरणारे तुकडे) व चेअर बसवणं हे दराच्या व्याप्तीत स्पष्ट लिहा. ब्लॉक तुम्ही पुरवणार, बसवणार तो. हे लिहिलं नाही तर ते ‘माझ्या कामात नाही’ असं फिटर म्हणणार आणि सेंट्रिंगवालाही तेच म्हणणार.

सेंट्रिंग चौरस फुटावर. ठेकेदाराकडे प्लेटा आणि जॅक मोजके असतात. खालचे जॅक निघाल्याशिवाय वरचा मजला लागत नाही, आणि मजला लागल्याशिवाय बिल निघत नाही. त्यामुळे जॅक लवकर काढण्याची ओढ त्याला असणारच. आयएस 456 (काँक्रीटकामाचं भारतीय मानक) मध्ये साध्या ओपीसी सिमेंटसाठी किमान मुदती दिल्या आहेत: साडेचार मीटरपर्यंत गाळा असलेल्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14, बीमखालचे सहा मीटरपर्यंत 14 आणि पुढे 21. पीपीसी (पोझोलाना सिमेंट) किंवा फ्लाय अॅश असेल तर स्ट्रक्चरल कन्सल्टंट सांगेल ती मुदत. आता हिशोब करा. दहा दिवसांची स्लॅब सायकल हवी आणि ठेकेदाराकडे एकाच मजल्याचे जॅक आहेत, तर तुम्ही त्याला नियम मोडायलाच सांगता आहात. सामानाचे दोन-तीन संच करारात मागा आणि त्याचे पैसे द्या.

क्युअरिंग. हे कुणाच्याच दरात नसतं, म्हणून कुणाचंच नसतं. ठेकेदाराच्या बिगाऱ्याकडे दिलं की तो पहिल्या बोलावण्याला दुसऱ्या कामाला जातो. कंपनीच्या हजेरीवर एक माणूस ठेवा, त्याला फक्त पाणी, आणि स्लॅबवर भरल्याची तारीख रंगाने लिहून ठेवा. ओपीसीला किमान 7 दिवस. मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या कडक उन्हात किमान 10.

खर्ची. वार आणि वेळ ठरवा आणि काही झालं तरी मोडू नका. बाजाराच्या आदल्या दिवशी खर्ची मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी निम्मी टोळी नाक्यावर उभी दिसेल. बिलाची मापं मुकादमाला सोबत घेऊनच घ्या आणि मापाचा कागद त्याच्याकडेही द्या. माप कापलं गेल्याचं त्याला नंतर कळलं तर तो भांडत बसत नाही, पुढच्या मजल्यावर वसूल करतो.

सावधान: उचल फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणं, त्याचं आधार कार्ड काढून घेणं, असला प्रकार मुकादम करत असेल तर तो तुमच्याही अंगाशी येतो. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 पासून आहे. हजेरी तुमच्या गेटवर, माणसागणिक घ्या. नवराबायकोच्या जोडीची हजेरी नवऱ्याच्या नावावर लागते, बाईचं नाव कुठेच नसतं, ते थांबवा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मागितल्यावर हेलपाटे घालायला लावू नका. त्या एका सहीने साइटवर तुमचं जे नाव होतं ते चहापार्टीने होत नाही.

## टप्पा 4: ‘हो जाएगा, साहब’ या उत्तराचं काय करायचं

मुकादम खोटं बोलत नसतो. साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याच्या रीतीत बसत नाही, आणि ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं तेही त्याने पाहिलेलं असतं. दोष प्रश्नात आहे. ‘गुरुवारी स्लॅब भरता येईल ना?’ या प्रश्नाला साइटवर एकच उत्तर असतं. त्याऐवजी असं विचारा:

‘आज फिटर किती?’
‘आठ.’
‘उद्या?’
‘सहा. दोघं दुसऱ्या साइटला जातील.’
‘जिन्याकडचा बीम कोण बांधतंय?’
‘त्याची 16 ची सळई अजून आली नाही, साहेब.’

गुरुवार गेला, आणि ते सोमवारीच कळलं. यात कुणी कुणाला नाही म्हटलेलं नाही. माणसं, जागा, माल आणि आधीचं काम, या चारच गोष्टी विचारायच्या. तारीख आपणच काढायची.

बाकी काही पथ्यं. वयाने मोठ्या मिस्त्रीला एकेरी नावाने हाक मारू नका. ‘मिस्त्री’ म्हणा, ‘मामा’ म्हणा, ‘चाचा’ म्हणा. चूक सांगायची तर टोळीसमोर नको, दोन पावलं बाजूला घेऊन. टोळीसमोर मान खाली गेलेला मुकादम पुन्हा तुम्हाला खरी बातमी देणार नाही, आणि त्याचं टोळीतलं वजन कमी झालं तर तुमचंही काम अडतं. समजलं का, असंही विचारू नका. त्यालाच दाखवायला सांगा: ‘बाल्कनीची मेन सळई वर की खाली, हात लावून दाखवा.’

आठवड्याची बैठक अशी घ्या:

1. शनिवारी संध्याकाळी, अर्धा तास, ऑफिसात नव्हे तर साइटवर. सगळे मुकादम, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरसुद्धा.
2. पुढच्या आठवड्याची कामं प्रत्येकाने स्वतः सांगायची. तुम्ही वाचून दाखवायची नाहीत.
3. प्रत्येक कामासमोर ‘काय अडतंय’ हे लिहायचं. अडथळा उभा असेल तर ते काम आठवड्यात धरायचं नाही.
4. पुढच्या शनिवारी झालेल्या कामांची टक्केवारी काढायची. लास्ट प्लॅनर पद्धतीत (काम करणाऱ्यांनीच आठवडा आखायचा) यालाच पीपीसी, म्हणजे परसेंट प्लॅन कम्प्लीट, म्हणतात. सिमेंटच्या पीपीसीशी त्याचा संबंध नाही.
5. न झालेल्या कामासमोर कारण लिहायचं, माणसाचं नाव नाही.

नेहमीची चूक: ही टक्केवारी दंडाला जोडणं. एकदा कापलं की पुढच्या आठवड्यापासून मुकादम सोपी कामंच सांगतात, टक्केवारी नव्वदच्या वर जाते आणि इमारत तिथेच असते.

## टप्पा 5: स्लॅबचा दिवस, आणि थांबवण्याचा अधिकार

साइटवरचं वागणं स्लॅबच्या दिवशी उघडं पडतं. पंप आलेला असतो, दहा गाड्या ऑर्डर झालेल्या असतात, मालक येऊन गेलेला असतो. अशा वेळी नुकताच लागलेला ज्युनिअर इंजिनिअर ‘चेअर कमी आहेत, थांबवा’ म्हणेल अशी अपेक्षा ठेवणं हा अन्याय आहे. थांबवणं स्वस्त असतं तेव्हाच थांबवता यावं, असा क्रम लावायला हवा.

आदल्या दिवशी

1. दुपारी चारपर्यंत सळई, सेंट्रिंग, पाइप, सगळं संपलेलं हवं. चारनंतर बांधणी चालू असेल तर उद्याचा स्लॅब नाही.
2. चार ते सहा तपासणी. स्लॅबला कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) किमान 20 मिलिमीटर, कॉलमला 40. जॅकखाली माती असेल तर फळी. इलेक्ट्रिशियनच्या पाइपांचे जुडगे बीमजवळ एकत्र आलेले असतील तर ते पसरवा.
3. बाल्कनी आणि छज्जा वेगळे बघा. तिथली मेन सळई वर असते. भरणाऱ्यांच्या पायाखाली ती दबून खाली गेली की बाल्कनी नुसती काँक्रीटच्या भरवशावर लटकते. चेअर हलवून बघा आणि चालायला फळ्या टाकून ठेवा.
4. फोटो काढा, सही करा, आणि त्यानंतरच आरएमसी (तयार काँक्रीट) प्लँटला पक्की ऑर्डर द्या. ऑर्डर आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम असेपर्यंत तपासणी नावापुरतीच राहते.

चेकलिस्टविषयी थोडं. चाळीस ओळींची चेकलिस्ट, सगळे टिक एका दमात, एकाच तिरक्या ओळीत मारलेले दिसले तर समजा कागद ऑफिसात बसून भरला आहे. ती बारा ओळींवर आणा आणि निम्म्या ओळींत टिकऐवजी आकडा लिहायला लावा: रिंगांचं अंतर किती मोजलं, कुठल्या पॅनेलमध्ये, चेअर किती. आकडा लिहायला वर जावंच लागतं.

भरताना

पाणी हा कळीचा मुद्दा. काँक्रीट घट्ट आलं की पंपवाला कुरकुरतो, ढकलणाऱ्यांचे हात दुखतात आणि ड्रायव्हर गाडीतल्या टाकीचा पाइप ड्रममध्ये सोडतो. 6 घनमीटरच्या गाडीत 60 लिटर म्हणजे तीन-चार बादल्या, पण घनमीटरला 10 लिटर झाले. त्याने एम 25 काँक्रीटची ताकद (चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन) ढोबळ मानाने तीनेक न्यूटनने उतरते. त्या क्षणी कुणालाच काही दिसत नाही, काम सोपं होतं आणि सगळे खूश असतात. म्हणून सूचना देऊन भागत नाही, माणूस उभा करावा लागतो. गाडीपाशी एक इंजिनिअर, हातात स्लंप कोन (काँक्रीट किती पातळ आहे ते बघायचा साचा) आणि एकच अधिकार: गाडी परत पाठवण्याचा. त्याला आधीच सांगून ठेवा, परत पाठवलेल्या गाडीबद्दल तुला कुणी काही विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका, त्याचा अंदाज एखादवेळी चुकला तरीही.

गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी. मुदत वाढवलेलं मिक्स असेल तर प्लँट ती लेखी देतो. चलनावरची वेळ बघायची सवय त्याच माणसाला लावा.

ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, म्हणजे क्यूबचीही गंमत असते. सगळे क्यूब पहिल्या गाडीतून भरले जातात, कारण पहिली गाडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि प्लँटही ती जपून पाठवतो. 60 घनमीटरच्या स्लॅबला आयएस 456 प्रमाणे पाच नमुने लागतात, प्रत्येकाचे 28 दिवसांचे तीन क्यूब. 7 दिवसांचे हवे असतील तर ते वेगळे. कुठल्या पाच गाड्यांतून घ्यायचे ते सकाळी चिठ्ठी काढून ठरवा आणि चिठ्ठी खिशातच ठेवा.

जेवण टोळीने एकदम करू नये. एक वाजता सगळे बसले की काँक्रीटची कड तासभर उघडी राहते आणि तिथेच कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) होतो. निम्मे साडेबाराला, निम्मे सव्वाला, आणि स्लॅबच्या दिवसाचं जेवण साइटकडून. दोन व्हायब्रेटर चालू, एक राखीव, आणि नीडल धरणारा माणूस ठरलेला. तो थकला की नीडल पडून राहते आणि बीमच्या सांध्यात हनीकोम्ब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) निघतो. म्हणून दोन तासांनी माणूस बदला.

तपासा: संध्याकाळ झाली, तीन गाड्या बाकी आहेत, टोळी सकाळी सातपासून उभी आहे. दिवे आहेत का? बदली माणसं आहेत का? नसतील तर कन्स्ट्रक्शन जॉइंट (काम थांबवायचा ठरवून सोडलेला सांधा) कुठे सोडायचा हे कन्सल्टंटला फोन करून विचारायची वेळ दुपारी तीनची आहे, रात्री आठची नव्हे.

## टप्पा 6: चूक सापडल्यावरची पहिली दहा मिनिटं

कॉलमची पेटी उघडल्यावर हनीकोम्ब दिसला की मुकादम काय करतो? इंजिनिअर यायच्या आत सिमेंटचा हात फिरवतो. हे त्याला तुमच्या मागच्या वेळच्या वागण्याने शिकवलेलं असतं. ते मोडायचं तर हिशोब उलटा करा:

1. स्वतःहून, त्याच दिवशी दाखवलेली चूक: दुरुस्तीचा माल कंपनीचा, मजुरी ठेकेदाराची, दंड नाही.
2. लपवलेली आणि नंतर सापडलेली चूक: माल, मजुरी, तपासणीचा खर्च, सगळं ठेकेदाराचं.
3. दुरुस्ती कशी करायची ते कन्सल्टंट सांगणार. तोपर्यंत जागेला कुणी हात लावायचा नाही.

हे पहिल्या शनिवारी सगळ्यांसमोर सांगा. पण लोकांचा विश्वास बसणार तो पहिला माणूस चूक घेऊन येईल तेव्हा तुम्ही काय करता ते पाहून. त्या दहा मिनिटांत आवाज चढला तर नियम संपला. फोटो घ्या, जागा मोजा, ‘सांगितलंत ते बरं केलंत’ म्हणा आणि चालू लागा. चिडायचं असेल तर ऑफिसात जाऊन चिडा.

थोडक्यात चुकलेल्या अपघातालाही हेच लागू. वरून क्लॅम्प पडला, कुणाला लागला नाही, सगळे हसले आणि कामाला लागले, असं होऊ देऊ नका. पडला तिथे काम थांबवून पाच मिनिटं बघा, कुठून आला. हेल्मेटबद्दल मी एकच सांगेन: मालक आणि आर्किटेक्ट डोक्यावर काही न घालता साइटवर फिरत असतील तर टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सुरक्षेची बैठक) बंद केला तरी चालेल.

## टप्पा 7: वरून येणारे तोंडी बदल

सगळा दोष टोळीकडे ढकलण्याची सवय असल्यामुळे हा टप्पा राहून जातो. मालक रविवारी घरच्यांना घेऊन येतो आणि ‘ही भिंत जरा इकडे सरकवा’ म्हणून जातो. पुनर्विकासाच्या कामात सोसायटीच्या कमिटीचे तिघं तीन गोष्टी सांगतात. आर्किटेक्ट व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज टाकतो. मुकादम तर सगळ्यांनाच ‘हो’ म्हणतो. महिन्याने बिलात वाढीव काम दिसतं आणि कुणी सांगितलं ते कुणालाच आठवत नाही.

1. साइट ऑर्डर बुक ठेवा. तोंडी आलेला प्रत्येक बदल त्याच संध्याकाळपर्यंत त्यात: काय, कुठे, कोण म्हणालं.
2. लिहिलेलं पान सांगणाऱ्याला फोटो काढून पाठवा. ‘आपल्या आजच्या सूचनेप्रमाणे उद्यापासून काम घेतो, अंदाजे खर्च इतका, चार दिवस वाढतील.’ निम्मे बदल इथेच विरतात.
3. मुकादमाला सांगून ठेवा: तुमच्या साइट इंजिनिअरशिवाय कुणी काही सांगितलं तर ‘बुकात लिहून घेतो’ एवढंच म्हणायचं. मालकाला नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.
4. साइटवर ड्रॉइंगची एकच चालू प्रत असावी. जुन्या प्रतीवर मोठी काट मारून ती त्याच दिवशी परत घ्या. फिटरच्या खिशात घडी करून ठेवलेली जुनी प्रत असतेच. ती मागून घ्या आणि नवी त्याच्या हातात द्या.
5. व्हॉइस मेसेज ऐकून कामाला लागू नका. लिहून परत पाठवा, ‘असं म्हणायचं आहे ना?’

तपासा: महिन्यातून एकदा ऑर्डर बुक आणि वाढीव कामाचं बिल शेजारी ठेवून वाचा. बिलात आहे पण बुकात नाही अशी ओळ सापडली, तर ती कुणाच्या तोंडून आली ते त्या मुकादमाला बाजूला घेऊन विचारा. पैसे कापायची घाई करू नका. आधी नाव कळू द्या.